रेवाचिनीचा क्रंबल

डॉक्टरांनी पथ्य उठवलं की माणसाने घाबरावं. तेल बंद, मीठ बंद, लोणच्याचं नाव काढू नका, असं चाललेलं असतं तोवर काळजी नसते. रोगी अजून वाचवण्यासारखा आहे एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या दिवशी डॉक्टर चष्मा पुसत "आता त्या मागतील ते द्या" म्हणतात, त्या दिवशी घरच्यांनी काय ते समजून घ्यायचं असतं. प्रभाकरराव सत्त्याहत्तर वर्षांचे, कल्याणजवळ मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून बत्तीस वर्षं काढलेले. त्यांना हे समजायला हरकत नव्हती. पण त्यांनी त्या वाक्यातलं 'द्या' हे क्रियापद तेवढं उचललं आणि रिक्षात बसता बसता बायकोला विचारलं, "बोल, काय हवंय तुला?"

सरोजबाई डोंबिवलीचे सगळे खड्डे संपेपर्यंत गप्प होत्या. मग बिल्डिंगचा जिना चढताना, पहिल्या मजल्यावर कठडा धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रुबार्ब क्रंबल."

प्रभाकररावांना आधी वाटलं, धाप लागली.

इथे सांगायला हवं की सरोजबाई मूळच्या मार्गारेट. प्रभाकरराव तरुणपणी लीड्सला कापडाचं रसायनशास्त्र शिकायला गेले होते आणि तिथून एक पदवी आणि एक बायको घेऊन परत आले. कल्याणच्या घरी त्यांच्या आईने पदवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुनेकडे मात्र नीट पाहिलं, ताटात तांदूळ पसरले, अंगठीने 'सरोज' लिहवून घेतलं आणि विषय संपवला. पुढे मूलबाळ झालं नाही, पण सरोजबाई मराठी शिकल्या, पुरण वाटायला शिकल्या, सासूच्या हाताखाली पापड लाटले, सासूचं शेवटचं दुखणं काढलं. प्रभाकररावांना या गोष्टीचा केवढा अभिमान. कोणी नवा माणूस घरी आला की चहाबरोबर त्याला हे ऐकावंच लागे, "पन्नास वर्षांत एकदा तरी 'आमच्याकडे असं असतं' म्हणाली असेल तर शपथ. पूर्ण आपली झाली हो ती." असं ते म्हणत तेव्हा सरोजबाई पाहुण्यासमोर चिवड्याची बशी सरकवत असत.

तेव्हा जिन्यात प्रभाकररावांना जो धक्का बसला तो बायकोच्या पोटातल्या गाठीचा नव्हता. तो डॉक्टरांच्या खोलीत बसून झाला होता. हा मागण्याचा धक्का होता.

"रुबार्ब म्हणजे काय गं?"

"तुम्ही तीन वर्षं लीड्सला होतात."

"होतो. पण वरणभात खाऊन होतो."

"लाल देठ असतात. अळूच्या देठांसारखे, पण आंबट. साखर घालून शिजवायचे, वर मैद्या-लोण्याचा चुरा पसरायचा आणि भाजायचं. वरून कस्टर्ड. आई रविवारी करायची."

सरोजबाईंच्या तोंडी 'आई' म्हणजे प्रभाकररावांची आई, हे पन्नास वर्षं ठरलेलं. ही दुसरी आई कोण, हे कळायला त्यांना तीन पायऱ्या लागल्या.

डोंबिवलीत घरात काही हवं असलं की ते घरात राहत नाही. दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमराव भेटले. हा मूळचा राजापूरकडचा, सदा दुसऱ्याच्या कामात बाह्या सरसावलेला माणूस. "काकूंना काय पाहिजे म्हणालात, रुबाब?" त्यांनी विचारलं, आणि खरा शब्द कळल्यावर तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकूनही दिला. अर्ध्या तासात सल्ल्यांचा ढीग लागला. कोणी म्हणालं ठाण्याच्या मॉलमध्ये मिळेल. कोणी म्हणालं हे इंग्रजांचं खाणं पचायला जड, त्यापेक्षा नाचणीची पेज द्या. एकाने रबडीची कृती पाठवली. त्यातल्या त्यात शहाणपणाचं बोलली ती समोरची रुचिता. ती घरी केकच्या ऑर्डरी घेते, तेव्हा तिला भट्टीतलं कळतं.

"काका, आंबट आणि लाल ना? मग अंबाडीची बोंडं घालू की. मस्त होईल. काकूंना डिफरन्सपण नाही कळणार."

"अंबाडी ही अंबाडी आहे, रुचिता," प्रभाकरराव म्हणाले. "एकाऐवजी दुसरं घातलं की काय होतं ते मी कारखान्यात पाहिलंय."

ठाण्याच्या मॉलमध्ये ते गेले. तिथल्या मुलीने अत्यंत आदराने त्यांच्या हातात रुबार्बच्या वासाची साबणाची वडी ठेवली. मग त्यांनी मँचेस्टरला पुतणीला, श्रियाला, फोन केला. श्रियाने दोन दिवसांत रुबार्बचे सहा डबे पार्सल केले, आणि आठव्या दिवशी मोबाईलवर निरोप आला की पार्सल ठाण्याच्या ऑफिसात थांबवलं आहे, ओळखपत्र घेऊन येणे. या आठ दिवसांत सरोजबाईंचं खाणं दोन चमचे भातावर आलं होतं आणि मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या.

ऑफिस खाजगी होतं, एसी होता, खुर्च्या होत्या. काउंटरवर कल्पिता नावाची बाई होती आणि ती चक्क हसली. सरकारी कचेरीत माणूस सावध असतो. अशा ठिकाणी बेसावध सापडतो. तिने एक फॉर्म पुढे केला. "पाठवणाऱ्याने 'टिनमधली फळं' लिहिलंय काका. तुम्ही पण तेच लिहा, सही करा, बॉक्स घेऊन जा."

प्रभाकररावांनी पेन उघडलं आणि बंद केलं. "फळं नाहीत ही."

"असू दे ना."

"असू दे कसं? रुबार्ब वनस्पतिशास्त्राप्रमाणे फळ होत नाही. देठ आहे तो." रेयॉनच्या कारखान्यात ड्रमवर चुकीचं लेबल लागलं म्हणून त्यांनी एकदा अख्खी पाळी थांबवली होती. आदल्या दिवशी त्यांनी घरचा जाडजूड शब्दकोशही पाहून ठेवला होता. कोशात शब्द सापडला की वस्तू अर्धी हातात आली, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'रुबार्ब. मराठीत रेवाचिनी. औषधी वनस्पती.'

कल्पिताने ते वाचलं, संगणकात घातलं आणि तिचं हसू मावळलं. औषधी वनस्पती म्हटल्यावर संगणकाने वेगळंच पान उघडलं होतं. आता आयातीचा परवाना हवा, डॉक्टरांचं पत्र हवं, आणि पत्र देणारे डॉक्टर कोणत्या पॅथीचे तेही हवं.

"मी खोडून फळं लिहितो," प्रभाकरराव पडेल आवाजात म्हणाले.

"आता सिस्टीमला गेलं काका." तिला खरंच वाईट वाटलं होतं. मग ती जरा पुढे झुकून म्हणाली, "पण रेवाचिनीसाठी एवढं कशाला? आमच्या सासूबाई कल्याणहून आणतात. काष्ठौषधीच्या दुकानात किलोवर मिळते."

प्रभाकररावांना वाटलं, देव भेटला. देव कधी कधी फॉर्म नाकारणाऱ्या बाईच्या रूपाने येतो; पण तो भेटला की नेमकं काय विचारायचं, हे माणसाला सुचत नाही.

कल्याणच्या त्या दुकानात छतापर्यंत लाकडी खण होते आणि मालक खणांइतकाच जुना होता. त्याने पिवळट, वाळकी, सुंठेसारखी मुळं काउंटरवर ओतली.

"याचे देठ लाल असतात ना?" प्रभाकररावांनी विचारलं.

"झाडाला असतील. औषधात मूळ येतं."

झाड एक, गुणधर्म एक, असा प्रभाकररावांनी मनाशी निकाल दिला. बटाट्याचा पाला कोणी खात नाही हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही.

"घरात कुणासाठी पाहिजे?" मालकाने विचारलं.

"बायकोसाठी. शहात्तर वय."

"किती दिवस झाले नाही?"

"पंधरा दिवस तरी नाही."

"पंधरा?" मालकाने तराजू खाली ठेवला. "काहीच नाही?"

"दोन चमचे. तेही मी मागे लागतो तेव्हा."

मालकाने चमच्यांचा विचार केला आणि तो सोडून दिला. "सांभाळून हां. झोपताना एक चिमूट, कोमट पाण्यात."

"चिमटीने काय होतंय? पाव किलो द्या. बिल्डिंगमधल्या लोकांनाही देणार आहे."

"अख्ख्या बिल्डिंगला आहे?" मालकाचा आवाज खाली गेला. "तिकडे पाण्याचा काही प्रॉब्लेम आहे का?"

"आहे ना. शुक्रवारी येतच नाही."

मालकाने मुकाट्याने पाव किलो जोखली आणि पुडी हातात देताना दोन वेळा सांगितलं, "मी चिमूट म्हणालो होतो."

बिल्डिंगला द्यायची कल्पना उत्तमरावांची. पन्नास वर्षं काकूंनी सगळ्यांना दिवाळीचा फराळ पाठवला, आता काकूंच्या माहेरचा पदार्थ सगळ्यांनी खाल्ला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माणूस मनाचा चांगला. त्याच्या चांगुलपणाला मागचा-पुढचा विचार मात्र नसे. गुरुवारी दुपारी रुचिताच्या ओट्यावर मुळं भिजली, ठेचली, शिजली. रंग हळदीसारखा झाला आणि वास जुन्या कपाटासारखा सुटला. रुचिताने पाक चाखला आणि बेसिनकडे धावली.

"काका, कडू आहे."

"आंबट असेल."

"कडू आहे हो. कडू मला कळतं."

"वाळल्यामुळे. गूळ घाल."

अर्धा किलो गूळ गेला, वेलची गेली, मग लिंबू. "वरचा चुरा माझा, आतलं तुमचं," रुचिता म्हणाली, "नंतर मला बोलायचं नाही." चुरा तिने खरोखर सुरेख केला होता, खमंग आणि बदामी. त्याखाली काय आहे ते झाकलं गेलं. संध्याकाळी आठ घरांत वाट्या गेल्या. उत्तमरावांनी दोन खाल्ल्या, कारण सेक्रेटरीने मागे राहून चालत नाही. प्रभाकररावांचा गुरुवारचा उपास होता.

सरोजबाईंना त्यांनी उशीला टेकवून बसवलं आणि वर कस्टर्ड घालून वाटी हातात दिली. त्यांनी पहिला चमचा तोंडात घेतला, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग दुसरा घेतला. पंधरा दिवसांत प्रथमच वाटी रिकामी झाली. प्रभाकरराव स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली ती वाटी धूत उभे राहिले आणि त्यांना रडू आलं. इतकं सोपं होतं तर पन्नास वर्षांत एकदाही कसं केलं नाही, असं काहीतरी त्या रडण्यात होतं.

शुक्रवार उजाडला तो वर्णन न करण्याजोगा. आठ घरं, पोटात रेचक मूळ, नळाला पाणी नाही. सकाळी सहाला उत्तमराव जिन्यात बादली घेऊन धावताना दिसले आणि नंतर बराच वेळ दिसले नाहीत. टँकरवाला म्हणाला, संध्याकाळी बघतो. ग्रुपवर रोज सुविचार टाकणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी त्या दिवशी एकच शब्द टाकला, आणि तो सुविचार नव्हता. दुपारी नोटीस बोर्डावर थरथरत्या अक्षरांत कागद लागला: 'समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय विदेशी खाद्यपदार्थांचे वाटप करू नये.' खाली सही करायला सेक्रेटरींना दोनदा घरात जाऊन यावं लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर वर्षभर हसायला विषय झाला असता. पण सरोजबाईंच्या अंगात गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रात्री अकराच्या सुमारास त्या हाकेला ओ देईनाशा झाल्या. प्रभाकररावांनी दार उघडून कोणाला हाक मारावी असा विचार केला आणि त्यांना लाज वाटली. सगळी बिल्डिंग त्यांनी स्वतःच आडवी केली होती. तरी त्यांनी हाक मारली. उत्तमराव आले. चेहरा पांढराफटक, पाय लटपटणारे. दुसऱ्या बाजूने रुचिताचा नवरा स्वानंद आला. त्या दोघांनी सरोजबाईंना खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. उत्तमराव मध्ये एकदा खुर्ची खाली ठेवून "एक मिनिट" म्हणाले आणि कोणाच्या तरी घरात शिरले. कोणी हसलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

प्रभाकररावांनी वनस्पतीचं शास्त्रीय नाव सांगितलं, कुळासकट. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"मूळ?"

"हो."

"किती?"

"एक वाटी."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि तेवढं लिहून घेतलं. ओरडले असते तर प्रभाकररावांना बरं वाटलं असतं. चार दिवस सलाईन चाललं. त्या चार दिवसांत प्रभाकरराव वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते आणि बाहेरून ते शांत दिसत होते. आत ते हिशोब मांडत होते की शिल्लक दिवसांपैकी किती दिवस आपण आपल्या हाताने, गूळ घालून, संपवले. महिन्याभराचा तरी अंदाज डॉक्टरांनी पहिल्या दिवशी दिला होता. आता त्यांनी कुठलाच अंदाज दिला नाही.

पाचव्या दिवशी सरोजबाईंना घरी आणलं, आणि त्याच दुपारी रुचिता ठाण्याला जाऊन आली. कल्पितासमोर तिने नवा फॉर्म भरला, त्यावर 'मिक्स फ्रूट' लिहिलं, सही केली आणि दहा मिनिटांत बॉक्स घेऊन रिक्षात बसली. "सिस्टीमला गेलं होतं ना?" प्रभाकररावांनी विचारलं. "परत आलं," रुचिता म्हणाली. त्यांना खोटं बोलण्याची ही सोपी रीत कोणी वेळेवर शिकवली नव्हती, आणि शिकवली असती तरी ते शिकले असते का, हा प्रश्नच आहे.

रुचिताने डबे उघडले. आत गुलाबी, मऊ देठांचे तुकडे होते, खरोखरच अळूच्या देठांसारखे. या वेळी क्रंबलची वाटी एकच भरली. ती ठेवून रुचिता लगेच निघून गेली, कारण घरी स्वानंद अजून खिचडीवर होता.

सरोजबाईंनी चमचा तोंडात घेतला. बराच वेळ तसाच ठेवला. मग गिळला आणि म्हणाल्या, "छान झालंय."

प्रभाकरराव खुर्ची ओढून बसणार होते ते तसेच उभे राहिले. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. हे वाक्य त्यांनीच तिला शिकवलं होतं, भारतात येताना विमानात. तिला येणारं पहिलं मराठी वाक्य. तिच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं आणि बजावलं होतं, आई काहीही वाढेल, तू एवढंच म्हणायचं. तिने म्हटलं. कारल्याला म्हटलं, शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्याला म्हटलं, सासूने मुद्दाम तिखट केलेल्या आमटीला डोळे पुसत म्हटलं. पन्नास वर्षं, दोन वेळा. तिला काय आवडतं हे आपल्याला ठाऊक आहे असं धरून चाललेल्या त्या माणसाने तिथे उभ्या उभ्या आठवून पाहिलं, आणि त्यांना एकही पदार्थ आठवेना.

"सरोज," ते म्हणाले, "खरं सांग."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "चव लागत नाही. महिना झाला असेल. कशाचीच नाही."

"मग परवाचं ते कडू..."

"कडू होतं का? वासावरून वाटलं, रुबार्ब नाही म्हणून. पण तुम्ही सकाळपासून त्याच्या मागे होतात."

"महिन्यापासून चव नाही, तर मग हे मागितलंस कशाला?"

सरोजबाईंना उत्तर शोधावं लागलं नाही. "मागून बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "कधी मागितलं नव्हतं ना."

त्यात राग नव्हता. राग असता तर प्रभाकररावांना धरायला काहीतरी मिळालं असतं. ते पलंगाच्या कडेवर बसले. खाली कुठेतरी टँकर आल्याचा गलका चालला होता, उत्तमराव कोणाला तरी रांगेत उभं करत होते. सरोजबाईंनी वाटी त्यांच्या हातात दिली.

"तुम्ही खा. आणि मला सांगा."

"काय सांगू?"

"कसं लागतंय ते."

प्रभाकररावांनी चमचा तोंडात घातला. सवयीने त्यांच्या ओठांवर 'छा' आलं आणि त्यांनी ते गिळून टाकलं.

"आंबट आहे," ते म्हणाले. "खूप आंबट आहे. साखर आहे तरी दात आंबले."

"अजून?"

"देठ मऊ आहे, पण आत दोरे आहेत. जिभेला लागतात. वरचा चुरा खारट-गोड आहे, आणि खालच्या रसाने ओला झालाय तिथे..." ते थांबले. आयुष्यभर त्यांनी द्रवांचे रंग आणि घनता लिहिली होती. याला शब्द मिळेना. "तिथे मला जास्त आवडला."

सरोजबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "हां," त्या म्हणाल्या. "ओला झालेलाच चांगला असतो. पुढचा घ्या."